नाताळची रोषणाई नाशकात कधी लावायची आणि कधी उतरवायची? (तारखा, चांदणी, माळा, गव्हाणी आणि दव)

गोदाकाठ (धागाकर्ता) – ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

त्रिपुरी पौर्णिमा बुधवारी झाली, आकाशकंदील माळ्यावर गेले. आता दरवर्षीचा घोळ. दुकानवाले एक तारीख सांगतात, चर्चला जाणारी मंडळी दुसरी, केरळी शेजारी तिसरी. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, दिवाळीच्या माळा काढताच कशाला, एकदम एकतीस डिसेंबरनंतर बघू.

ज्यांना यातलं पक्कं माहीत आहे त्यांनी लिहावं. तारखा, सामान, वायरिंग, गव्हाणी, झाड, उतरवणं, काहीही चालेल, पण मोजमापासकट. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत. आवाका असा धरू: पंचवीस-तीस फ्लॅटची इमारत, एक फाटक, समोर चौक.

तिथीवार – ९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

तारखेपासून सुरुवात करतो. आगमनकाळाचा (नाताळआधीच्या तयारीच्या चार आठवड्यांचा) पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा रविवार. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा सण आणि आपलं शरणपूर रोडचं चर्च त्याच संताच्या नावाचं, त्यामुळे नाशिककराला ही खूण पाठ करावी लागत नाही. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांबाहेर कधीच जात नाही. यंदा तो बरोब्बर ३० तारखेलाच आहे.

म्हणजे नाताळाचं टोक जवळपास स्थिर. हलतं ते दिवाळीचं. २०२४ मध्ये त्रिपुरी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती आणि आगमनाचा रविवार १ डिसेंबरला, मध्ये सोळा दिवस मिळाले. यंदा ५ ते ३० नोव्हेंबर, पंचवीस दिवस. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पौर्णिमा थेट २४ नोव्हेंबरला आणि आगमनाचा रविवार २९ ला. पाच दिवसांत माळा उतरवायच्या, तपासायच्या, दुरुस्त करायच्या आणि पुन्हा चढवायच्या. हे जमत नाही. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत वायरिंग करतानाच ते ६ जानेवारीपर्यंत राहणार असं धरून करा आणि मधल्या पाच दिवसांत फक्त कंदील उतरवून चांदण्या टांगा.

सातासमुद्रापार – ९ नोव्हेंबर, रात्री ११.०२

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ मध्ये पहिल्यांदा दिवे लागले, आणि हल्ली ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच चालू होतात. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, ही अडसर घालणारी तारीख आहे. तो झाल्याशिवाय पुष्कळ शहरं झाड उजळत नाहीत. फिलिपाइन्समध्ये मध्ये काहीच आडवं येत नाही, म्हणून तिथे सप्टेंबरपासूनच सुरू. नाशकात अडसर घालायचं काम दिवाळी करते. तुळशीचं लग्न लागायच्या आत चांदणी दिसली की ती दुकानदाराने टांगलेली आहे हे ओळखावं.

मेणबत्ती चौथी – १० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

'सजावट' हा एकच शब्द वापरला की घोळ होतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींच्या तारखा वेगळ्या.

चांदणी आणि बाहेरच्या माळा: आगमनाच्या पहिल्या रविवारपासून. केरळी घरांत बहुधा १ डिसेंबरला, कारण त्यांचा पंचवीस दिवसांचा उपास त्या दिवशी सुरू होतो. दोन्ही तारखा इतक्या जवळ आहेत की सोसायटीने यावर वेळ घालवू नये.

आगमनाचं मेणबत्त्यांचं कडं: हे घरात किंवा वेदीजवळ. चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची. गुलाबी तिसऱ्या रविवारची, यंदा १४ डिसेंबर. पहिल्या रविवारची मेणबत्ती चारही आठवडे जळते, त्यामुळे चारही सारख्या उंचीच्या घेतल्या तर शेवटी पहिलीचं बूड उरतं. ती दीडपट उंच घ्यावी.

गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा: मांडणी १६ डिसेंबरपासून, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होतो तेव्हा. बाळ मात्र २४ च्या रात्री. त्याआधी गव्हाणी रिकामी ठेवायची. मॉलमध्ये १ डिसेंबरलाच बाळ झोपलेलं असतं. ते चालतं असं नाही, त्यांना कोणी सांगत नाही. तीन ज्ञानी लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचे आणि रोज थोडे पुढे सरकवायचे, ते ६ जानेवारीला पोचतात. आपल्याकडच्या कॅथलिक चर्चमध्ये हा ज्ञानी पोचल्याचा, म्हणजे प्रकटीकरणाचा, सण जवळच्या रविवारी धरतात, म्हणजे ४ जानेवारीला. नाताळकाळ संपतो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी, ११ जानेवारीला.

गोदाकाठ – १० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

हे फार कामाचं. म्हणजे यंदा ३० नोव्हेंबरला दिवे लागायचे तर वायरिंग कधी? आणि पहाटे सगळ्या इमारतीची वीज जाते त्याचं काय?

फेज न्यूट्रल – १० नोव्हेंबर, रात्री ८.५०

पहाटेचं उत्तर एका शब्दात: दव.

दिवाळीत जी माळ निमूट चालते तीच डिसेंबरात का त्रास देते, हा प्रश्न दरवर्षी येतो. डिसेंबरात आपल्याकडे पाऊस क्वचितच, पण पारा दहाच्या आसपास आला की मध्यरात्रीनंतर ग्रिल, पत्रा, वायर सगळं ओलं होतं आणि ऊन अंगावर येईपर्यंत सुकत नाही. पाऊस वरून पडतो. दव सगळीकडून बसतं, जोडाच्या खालच्या बाजूलाही. म्हणून पावसासाठी केलेली झाकाझाक दवाला पुरत नाही.

गळतीचा प्रवाह पकडणारा आरसीसीबी घरगुती मापात ३० मिलिअँपचा असतो, आणि तो प्रत्यक्षात १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणजे वीज तोडू शकतो. एका ओल्या जोडातून दोन मिलिअँप गळती धरा. दहा माळा म्हणजे वीस. बिघाड एकाही माळेत नाही, बेरीज मात्र पुरेशी. सोसायटीच्या सामाईक मीटरवर लिफ्ट, जिन्याचे दिवे आणि माळा एकाच आरसीसीबीवर असतील तर पहाटे सगळंच बंद पडतं. मग कोणीतरी शहाणा आरसीसीबीलाच बगल देऊन थेट वायर जोडतो. हे करू नका. ओल्या ग्रिलला हात लावणारं मूल आणि मृत्यू यांच्यामध्ये ती एकच वस्तू आहे.

योग्य पद्धत: बाहेरच्या रोषणाईला स्वतंत्र सर्किट. ६ अँपची एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारी), तिच्या जोडीला स्वतंत्र ३० मिलिअँपचा आरसीसीबी, आणि पुढे टायमर. चाळीस माळा असतील तर त्या एकापेक्षा जास्त आरसीसीबींवर वाटा. दिवे रात्री साडेअकराला बंद करणारा टायमर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असेल तर पहाटेची गळती मुळातच उरत नाही. नाशकात सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सहा ते साडेअकरा पुरे.

टायमरविषयी एक: दात्यांचं चाक असलेला स्वस्त टायमर विजेवरच फिरतो. वीज तासभर गेली की तो तासभर मागे पडतो, आणि आठवड्याने दिवे पहाटे दोनला बंद होऊ लागतात. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

आता जोड. काळी-लाल पीव्हीसी टेप दुपारच्या उन्हात सैल पडते आणि रात्रीचं दव आत घेते. वायर सोला, पीळ द्या, डाग लावा म्हणजे सोल्डर करा, मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. फेज आणि न्यूट्रलचे जोड एकमेकांसमोर आणायचे नाहीत, ४-५ सेंटिमीटर पुढेमागे ठेवायचे. सॉकेटकडे जाणाऱ्या वायरला आधी खाली पोट काढायचं आणि मग वर न्यायचं, म्हणजे थेंब पोटावरून गळतो, सॉकेटात शिरत नाही.

माळेचा तो आठ प्रकारे दिवे लुकलुकवणारा छोटा डबा उभा टांगा, वायरी खालून निघतील असा. त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर तोंड खालून उघडं ठेवा. गच्च बांधलेल्या पिशवीत आतूनच घाम येतो, आणि ती पिशवीच डबा मारते.

मुख्य लाइन दोन कोअरची तांब्याची लवचीक वायर, २० मीटरपर्यंत १ चौरस मिलिमीटर, त्यापुढे दीड. आणि ती जुनी खोड, वायरची टोकं सोलून सॉकेटात काडेपेटीच्या काडीने खुपसायची, तिचं नावही काढू नका.

काटकसर – १० नोव्हेंबर, रात्री ९.२०

वीजबिल किती येईल? सभेत पहिला प्रश्न हाच असतो.

फेज न्यूट्रल – १० नोव्हेंबर, रात्री ९.३८

साधी एलईडी माळ ५ ते ८ वॅट. चाळीस माळा, सरासरी ७ धरा, २८० वॅट. रोज साडेपाच तास म्हणजे दीड युनिटच्या किंचित वर. ३० नोव्हेंबर ते ६ जानेवारी अडतीस दिवस, एकूण ५८-५९ युनिट. तीस फ्लॅटांत वाटलं तर घरटी दोन युनिटही नाही. सभेत भांडायचंच असेल तर गेटवरच्या ५०० वॅटच्या हॅलोजनवर भांडा; तो एकटा सत्तर माळांइतकी वीज खातो. चौकात सार्वजनिक मांडणी असेल तर खांबावरून आकडा नको, महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या.

शालिमारचा फेरफटका – ११ नोव्हेंबर, दुपारी १.१०

खरेदी: माळा आत्ता घ्या, याच आठवड्यात. दिवाळीचा उरलेला माल दुकानदाराला मोकळा करायचा असतो. डिसेंबर लागला की तीच माळ नाताळची म्हणून पुन्हा दर्शनी भागात येते आणि भाव बदलतो. मेन रोड, शालिमार, एम. जी. रोड फिरलात तर गरज भागते. पन्नासच्या वर माळा, एलईडी स्ट्रिपचे रोल, त्यांना वीज देणारे सप्लाय घ्यायचे असतील तर मुंबईची लोहार चाळ, आणि चांदण्या-गोळे-झाडं यांसाठी क्रॉफर्ड मार्केट. दोन्ही सीएसएमटीपासून चालत. पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन तिनेच परत येता येतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक बाजार बंद असतो.

दुकानात प्रत्येक माळ लावून बघा, आणि लावलेली असताना डब्यापाशी वायर हळूच हलवा. लुकलुकली तर परत ठेवा.

अर्धा उजेड – ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२५

दिवाळीच्या पंधरा माळांपैकी सहा अर्ध्याच लागतात. फेकायच्या का? आणि दोन माळा बटण बंद केल्यावरही मिणमिणतात.

फेज न्यूट्रल – ११ नोव्हेंबर, रात्री ९.०५

फेकू नका. २३० व्होल्टच्या माळेत दाणे एकामागोमाग जोडलेले असतात. पांढरा, निळा, हिरवा दाणा तीनेक व्होल्ट घेतो, लाल-पिवळा दोनेक. एक दाणा तुटला की त्याच्या रांगेतले सगळे विझतात, बाकीच्या रांगा चालू राहतात. म्हणून 'अर्धी'.

प्लग काढा. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. विझलेल्या रांगेतल्या प्रत्येक दाण्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरला टाचणी टोचून मीटरच्या काड्या लावा, मग काड्यांची अदलाबदल करा. चांगला दाणा एका दिशेने मंद उजळतो. जो दोन्ही दिशांनी काहीच दाखवत नाही तो गेलेला. सुरुवात डब्याजवळच्या पहिल्या आणि रांगेच्या शेवटच्या दाण्यापासून करा. ताण तिथेच येतो आणि तांबं हिरवंही तिथेच पडतं. नवा दाणा घालताना दिशा आणि रंग तोच. टाचणीची भोकं नेलपॉलिशने बुजवा, नाहीतर पहिल्याच थंडीत तिथून दव शिरेल.

दाणा न बदलता त्या जागी नुसती वायर जोडणं: एखाद्या ठिकाणी खपून जातं. पाच-सहा ठिकाणी केलं की उरलेल्या दाण्यांवर जास्त प्रवाह येतो आणि ते भराभर जातात.

बंद केल्यावर मिणमिणणं म्हणजे बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय. टू-पिन असेल तर प्लग उलटा करून लावा. बोर्डातच उलटं असेल तर वायरमन बोलवा, कारण 'बंद' माळेत तेव्हा फेज जिवंत असतो.

स्ट्रिपवाला – ११ नोव्हेंबर, रात्री १०.००

१२ व्होल्टची स्ट्रिप लावणाऱ्यांसाठी थोडक्यात. मीटरला ६० दाण्यांची ५०५० (५ मिलिमीटर चौरस दाण्यांची) स्ट्रिप मीटरमागे सुमारे १४.४ वॅट घेते. पाच मीटरचा रोल ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँप. सप्लाय साडेआठ अँपचा घ्या, तोही रेनप्रूफ. दोन रोल टोकाला टोक जोडून दहा मीटर केले तर शेवटचे दोन-तीन मीटर मंद पडतात, आणि रंग बदलणाऱ्या स्ट्रिपचा पांढरा तिथे लालसर दिसतो, कारण व्होल्टेज पडलं की निळा आणि हिरवा आधी दमतात. दुरुस्ती: दुसऱ्या टोकालाही वीज द्या. कापायची तर कात्रीच्या खुणेवरच.

कामटी – १२ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

चांदणीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. तयार प्लॅस्टिकच्या चांदण्या घरोघरी ठीक, पण फाटकावरची चांदणी बांबूची हवी. आकार येतो, वजन कमी.

९० सेंटिमीटरची चांदणी धरू. बुरुडाकडून वाळलेल्या बांबूच्या दहा कामट्या, प्रत्येकी ९० सेंटिमीटर, एक सेंटिमीटर रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड, गाठी तासलेल्या. शिवाय १८ सेंटिमीटरचे पाच आडवे तुकडे. ओली कामटी घेतली तर आठवड्यात वाळून गाठी सैल होतात आणि चांदणी लंगडते.

एका बाजूला पाच कामट्या. प्रत्येकीवर टोकापासून ३४.४ आणि ५५.६ सेंटिमीटरवर पेन्सिलची खूण करा. पंचकोनी चांदणीत काड्या एकमेकींना याच प्रमाणात छेदतात, लांबीच्या ०.३८२ आणि ०.६१८ वर, मग चांदणी केवढीही असो. डोळ्यांच्या अंदाजाने मांडली की एक टोक हमखास आखूड होतं. कामट्या एकीवरून, दुसरीखालून अशा विणा, खुणांवर खूण आणा, पाच टोकं आणि पाच छेद बांधा. बांधायला सुतळीपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंटिमीटरच्या पट्ट्या उत्तम. ओढून बांधल्या की सरकत नाहीत.

असे दोन सांगाडे एकमेकांवर ठेवून पाचही टोकं बांधा. मग मधल्या पाच छेदांत आडवे तुकडे बसवा. पोट फुगतं. क्रम उलटा केला, आधी तुकडे आणि मग टोकं, तर शेवटचं टोक जुळत नाही. आडवा तुकडा कामटीच्या पाचव्या हिश्शाएवढा. पावपट झाला की कामट्या टोकाशी चिरतात.

कागद वाया जाणं धरून सव्वा चौरस मीटर. दोन दर्शनी बाजू आणि कडेचे दहा त्रिकोण, प्रत्येक त्रिकोणाचा पाया १८ आणि बाजू साधारण ३५, दुमडायला सगळीकडे दीड सेंटिमीटर जास्त. खालचा एक कडेचा त्रिकोण एकाच बाजूने चिकटवा, दिव्यासाठी दार म्हणून. वरच्या टोकाजवळ बोटभर भोक ठेवा, हवा जायला.

संक्रांत तोंडावर असल्याने पतंगी कागद डिसेंबरात सगळीकडे मिळतो, दिसतोही सुंदर. पण दवात तो पहाटे ढिला पडतो, दुपारी ताणतो, आणि तिसऱ्या आठवड्यात कामटीच्या कडेवर फाटतो. गॅलरीत, छपराखाली पतंगी कागद. उघड्या फाटकावर पातळ नॉन-वोव्हन कापड. चिकटवायला खळ करणार असाल तर त्यात चिमूटभर मोरचूद घाला, झुरळं खात नाहीत. मोरचूद विषारी आहे, भांडं आणि चमचा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही, आणि मुलांच्या हाती ती खळ द्यायची नाही.

आत ७ वॅटचा एलईडी बल्ब, कागदापासून चारही बाजूंनी किमान बोटभर नव्हे, तळहाताएवढा लांब. चांदणी वायरवर टांगू नका. नायलॉनची दोरी वेगळी, वायर ढिली. एकाच दोरीवर टांगलेली चांदणी वाऱ्याने गरगरते आणि वायरला पीळ बसतो. वरच्या दोन टोकांना दोन दोऱ्या.

मखमलाबादचा माळी – १२ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

झाडांचं सांगतो, कारण इथे तारखा चुकल्या तर पैसे देऊनही फायदा नाही.

पॉइनसेटिया, आपल्याकडे लालपत्ती म्हणतात ती. तिला लाल व्हायला ऑक्टोबरपासून आठ ते दहा आठवडे रोज चौदा तासांचा सलग अंधार लागतो. गॅलरीतल्या कुंडीवर रस्त्याचा दिवा पडत असेल तर ती हिरवीच राहते, आणि मग माणसं खत बदलत बसतात. आत्ता नोव्हेंबरात हिरवी असलेली कुंडी नाताळला लाल होणार नाही, विकत घ्या. घेताना लाल पानांच्या मधोमध बघा. पिवळे बारीक बोंड बंद असेल तर महिनाभर टिकेल, पराग गळत असेल तर आठवड्यात पानं टाकेल. नाशकाची थंडी तिला मानवत नाही. पारा दहाखाली जाणार असेल त्या रात्री कुंडी घरात. कुंडीला गुंडाळलेल्या चकचकीत कागदाला खाली भोक पाडा, नाहीतर मुळं कुजतात. चीक अंगाला लागला तर खाज येते.

गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांत 'क्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते अरौकेरिया. खरं पाइन नव्हे, पण मजल्यामजल्यांच्या फांद्यांमुळे शोभतं. त्याचा शेंडा कधीही छाटू नका. दुसरा शेंडा सरळ येत नाही, झाड कायमचं बुटकं राहतं. जड गोळे फांदीच्या टोकाला नकोत. घरात दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवलं तर खालच्या फांद्या पिवळ्या पडतात, म्हणून १८ डिसेंबरच्या आधी घरात आणू नका आणि १ जानेवारीला परत उजेडात. एकदम उन्हात नको, आठवडाभर सावलीत.

कापलेल्या सुरूच्या फांद्या स्वस्त पडतात, पण चार-पाच दिवसांत वाळतात आणि वाळल्या की पेट घ्यायला ठिणगी पुरते. २२ तारखेच्या आधी आणू नका.

प्लॅस्टिकझाड – १२ नोव्हेंबर, दुपारी ४.००

खोट्या झाडाला किती माळा?

मखमलाबादचा माळी – १२ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

फुटाला शंभर दाणे भरगच्च, साठ पुरेसे. सहा फुटी झाडाला चारशे धरा. माळ बुंध्यापासून फांदीच्या टोकाकडे आणि परत, अशी. नुसती भोवती गुंडाळली की आतून काळोखी दिसते. आणि बर्फ म्हणून कापूस पसरू नका. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तोही नको.

पेंढा आणि पाखरू – १३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

गव्हाणी. मूर्ती २० सेंटिमीटरच्या असतील तर गोठ्याची उंची ४०, रुंदी ६०, खोली ३५. त्याहून बुटका केला की उभा योसेफ छपराला टेकतो. भाताचा पेंढा इगतपुरी-त्र्यंबककडून या दिवसांत ताजा मिळतो. दोन पेंढ्या पुरतात. उन्हात दोन दिवस वाळवा, झटका, मगच घरात. पेंढ्यात पाखरू, म्हणजे बारीक कीड, असतं.

पेंढा लगेच पेटू नये म्हणून: एक लिटर कोमट पाण्यात ७० ग्रॅम टाकणखार आणि ३० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा, फवारा, पूर्ण वाळू द्या. याने पेंढा अग्निरोधक होत नाही, फक्त हळू जळतो. म्हणून गोठ्यात मेणबत्ती नाहीच, आणि माळेचा डबा पेंढ्याबाहेर.

हिरवळीसाठी गहू. घटस्थापनेला पेरतो तसाच, पण ऑक्टोबरच्या उबेत नऊ दिवसांत वीतभर येणारं धान डिसेंबरच्या थंडीत तेवढं येत नाही. दहा-बारा सेंटिमीटर हवं तर १२ डिसेंबरला पेरा. रात्रभर भिजवा, एक दिवस ओल्या फडक्यात बांधा, मोड दिसले की उथळ ताटात दोन सेंटिमीटर मातीवर दाट पसरा. चौरस फुटाला मूठभर नव्हे, दोन मुठी. पहिले तीन दिवस झाकून, मग उजेडात. पाणी फवाऱ्याने; ओतलं की दाणे एका कोपऱ्यात जमतात आणि बुरशी धरते. नाचणीही लावतात, पण थंडीत ती फार रेंगाळते. घाई झाली तर मोहरी, सहा-सात दिवसांत दिसण्याजोगी होते.

गोदाकाठ – १३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आणि चौकात कमान घालायची असेल तर?

विभागीय कार्यालय – १४ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

रस्त्यावर काहीही उभं करायचं तर मनपाच्या आपल्या विभागाच्या कार्यालयात अर्ज (नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिक रोड यांपैकी आपला कुठला हे आधी बघा), सोबत वाहतूक पोलिसांचं ना-हरकत. अर्जाला जागेचा हाती काढलेला नकाशा जोडा, रस्त्याची रुंदी आणि कमानीची उंची लिहून. डिसेंबर उजाडायच्या आत द्या. सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला चौक कधी खोदला जाईल याचा भरवसा नाही, तेही कार्यालयातच विचारून घ्या. झाडांना खिळे ठोकू नका; माळ गुंडाळायचीच तर खोडाला सैल, दोरीने. विजेच्या तारांपासून चारही बाजूंनी तीन मीटर मोकळे, आणि ॲल्युमिनियमची शिडी तारांजवळ नकोच.

काटकसर – १४ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

उतरवायच्या कशाला? २६ जानेवारी आहेच की. मग शिवजयंती.

तिथीवार – १४ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

कारण मध्ये १४ जानेवारी आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून गच्च्यांवर पतंग सुरू होतात. इमारतीवरून फाटकापर्यंत ओढलेली माळ आणि मांजा एकत्र आले की मांजा वायरचं आवरण कापतो, पतंग सोडवायला पोरं कठड्यावर चढतात, आणि नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो कोणाच्या हाती नसेल याची खात्री देता येत नाही. गच्चीवरच्या आणि हवेतल्या सगळ्या माळा ७ जानेवारीला खाली. फाटकाची चांदणी आणि आतली गव्हाणी ११ पर्यंत राहू द्या.

फेज न्यूट्रल – १४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

यंदाचं माझं वेळापत्रक असं असेल: १६ नोव्हेंबरपर्यंत माळा तपासून दुरुस्त, २३ ला स्वतंत्र सर्किट आणि मुख्य लाइन, २८ ला माळा चढवून एक अख्खी रात्र चालू ठेवायची. ती रात्र महत्त्वाची आहे. पहाटे सहाला आरसीसीबी पडला तर कुठली माळ गळते ते त्याच वेळी, दव असतानाच, एकेक प्लग काढून शोधता येतं. दुपारी तपासलं की सगळ्या माळा निर्दोष.

उतरवताना दुपारी बारानंतर उतरवा, कोरड्या. ओली माळ पिशवीत गेली की पुढच्या दिवाळीला हिरवी निघते.

कामटी – १४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

आणि पुठ्ठ्यावर गुंडाळताना शेपटाकडून सुरुवात करा, प्लग सगळ्यांत बाहेर राहील असं. पुढच्या वेळी न उलगडता लावून बघता येते. चांदणीचा कागद फाडून टाका, सांगाडा तसाच भिंतीला टांगा. आडवे पाच तुकडे काढून आतच बांधून ठेवले तर तो चपटा होऊन माळ्यावर मावतो.